कप न्यूयॉर्कचा, हात डीअर आयलचे

नमस्कार मंडळी. आज तुम्हाला एका बेटावर न्यायचंय. अमेरिकेच्या ईशान्येला मेन नावाचं राज्य आहे, तिथल्या पेनॉब्स्कॉट उपसागरात डीअर आयल हे बेट. मुख्य जमिनीला जोडणारा पूल झाला 1939 साली, म्हणजे त्याआधी डॉक्टर आणायचा असो नाहीतर मिठाचं पोतं, होडी काढल्याशिवाय इलाजच नाही. पाण्याखाली खडक, भरती-ओहोटीची जबरदस्त ओढ, उन्हाळ्यात हात पुढे केला तर दिसू नये असं धुकं. इथली पोरं शिडाच्या बोटींवर कॉड नि मॅकरल मासे धरायला जायची आणि उन्हाळ्यात श्रीमंतांच्या यॉटवर पगारी खलाशी व्हायची.

तर 1895 साल. अमेरिकाज कप म्हणजे यॉटच्या शर्यतींमधला सगळ्यात मानाचा कप, आणि हे नाव देशावरून नाही बरं का, 1851 साली तो जिंकणाऱ्या अमेरिका नावाच्या बोटीवरून पडलंय. तोवर अमेरिकेच्या बाजूने खेळणाऱ्या यॉटवर खलाशी बहुतेक करून नॉर्वे-स्वीडनकडचे असायचे. त्या वर्षी डिफेंडर ही नवी यॉट सांभाळणारे ऑलिव्हर आयसलिन यांनी ठरवलं की खलाशी आपल्याच देशाचे हवेत, आणि माणसं घेतली ती या एकट्या डीअर आयलवरून! एका बेटावरची माणसं, एकमेकांचे भाऊ-शेजारी, आणि डोक्यावर साडेबारा हजार चौरस फुटांहून जास्त शीड. मोटर नाही, काही नाही, दोर ओढायचा तो हातानेच आणि तोही सगळ्यांनी एका दमात, एकाचा ताल चुकला की बोट थांबलीच समजा. मला वाटतं आयसलिनना हेच हवं होतं, की ओरडून सांगायची वेळ येऊ नये, शेजारच्याचा हात कधी हलणार हे आधीच ठाऊक असावं.

समोर ब्रिटनकडून लॉर्ड डनरेव्हन आणि त्यांची यॉट व्हॅल्किरी थर्ड. तिचा कप्तान विल्यम क्रॅनफिल्ड हा एसेक्समधल्या कोल्न नदीकाठच्या रोहेज गावचा, आणि ते गावही अगदी तसंच, हिवाळ्यात मासेमारी, उन्हाळ्यात यॉट. पेपरात भांडले लॉर्ड आणि कोट्यधीश, पण पाण्यावर भिडली ती कोळ्यांची पोरं कोळ्यांच्या पोरांना, आणि हे मला फार मोठं वाटतं.

10 सप्टेंबरला दुसरी शर्यत सुरू होताना व्हॅल्किरीच्या मोठ्या शिडाखालचा आडवा वासा डिफेंडरच्या वरच्या डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या दोराला अडकला, दोर सुटला, डोलकाठी दुखावली. तशीच अधू बोट डीअर आयलच्या पोरांनी शेवटपर्यंत नेली आणि हरले किती फरकाने, तर फक्त 47 सेकंद! नंतर पंचांनी व्हॅल्किरीला बाद केलं, तिसऱ्या वेळी ती सुरुवातीची रेषा ओलांडून लगेच माघारी फिरली, कप अमेरिकेतच राहिला.

पण डनरेव्हन यांनी मागाहून आरोप केला की मोजमाप झाल्यावर डिफेंडरवर चोरून जास्तीचं वजन चढवलं. हा आरोप मला फार लागतो, कारण वजन चढवायचं झालं असतं तर ते याच माणसांच्या हातून, म्हणजे बट्टा अख्ख्या बेटाच्या इमानदारीला. चौकशी झाली, आरोपात काही तथ्य निघालं नाही, आणि कप ज्यांच्याकडे होता त्या न्यूयॉर्क यॉट क्लबने डनरेव्हन यांचं मानद सदस्यत्वच काढून टाकलं.

1899 ला परत डीअर आयलचीच माणसं, आता कोलंबियावर, सुकाणूपाशी चार्ली बार, समोर चहावाले सर थॉमस लिप्टन यांची शॅमरॉक. वारा पडलेला, धुकं, किती दिवस शर्यत पूर्णच होईना, अखेर ऑक्टोबरमध्ये तिन्ही शर्यती कोलंबियाच्या.

आज बेटाच्या दक्षिण टोकाचं स्टोनिंग्टन हे मेनमधल्या मोठ्या लॉबस्टर बंदरांपैकी एक आहे. उन्हाळ्यात तिथे लॉबस्टर पकडायच्या बोटींची शर्यत लागते, आता शिडं नाहीत, इंजिनांचा नुसता गडगडाट असतो, आणि शर्यत संपली की हीच बोट घेऊन माणसं परत पिंजरे उचलायला जातात.