जू उतरल्यानंतर

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी, मंडळीच्या वार्षिक संमेलनात पोळ्यानंतरच्या रविवारी दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित रूप आहे.)

बंधुभगिनींनो, प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

याच आठवड्यात पोळा झाला. आपल्या ख्रिस्ती घरांत त्या दिवशी पूजा होत नाही आणि झडत्यांतले, म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणायच्या कवनांतले, नमनही आपण म्हणत नाही. पण ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला आदल्या संध्याकाळची खांदशेकणी चुकत नाही. हळद आणि लोणी कालवून बैलाचा खांदा चोळताना हाताला जे लागते, ते मला आजच्या विषयासाठी हवे आहे. तिथली कातडी जाड झालेली असते, केस गेलेले असतात आणि मधोमध एक घट्टा असतो. जू काढून ठेवले तरी तो जात नाही.

माझ्या लहानपणी आमच्याकडे ढवळ्या नावाचा बैल होता. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा असे दोन दिवस बैलांच्या खांद्यावर काही ठेवायचे नाही, हा वडिलांचा नियम होता. एका वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी गोठ्यात गेलो, तर ढवळ्याचे दावे सुटलेले होते आणि तो जागेवर नव्हता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कंबरभर हिरवे गवत होते, तिकडे गेला असेल म्हणून मी धावलो. तिथे तो नव्हता. तो अंगणात बंडीपाशी, म्हणजे बैलगाडीपाशी, उभा होता. शिंगांचा रंग तसाच ताजा, गळ्यात घुंगरमाळ, आणि मान खाली घालून दांडीच्या डाव्या अंगाला तो नेमका आपल्या रोजच्या जागेवर उभा होता. जू जमिनीवर पडलेले होते. त्याला कोणी हाक मारली नव्हती. वडील बाहेर आले, हसले आणि म्हणाले, “त्याले मोकयं राहनं जमतच नाही.”

प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेले पत्र मी जेव्हा जेव्हा उघडतो, तेव्हा मला ती सकाळ आठवते. ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठीच मोकळे केले आहे, तेव्हा त्यात टिकून राहा, दासपणाच्या जुवाखाली पुन्हा मान देऊ नका, असे तो पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात म्हणतो. हे लोक आजच्या तुर्कस्तानात राहत होते, बहुतेक जण यहुदी नव्हते, पूर्वी मूर्तिपूजक होते आणि पौलाच्या उपदेशावरून विश्वासात आले होते. पौल पुढे गेल्यावर त्यांच्याकडे दुसरे शिक्षक आले आणि सांगू लागले, की नुसत्या विश्वासाने भागत नाही, सुंता करून घ्या, दिवस पाळा, महिने पाळा, मगच तुम्ही खरे. पौलाचे उत्तर त्या काळी कानाला झोंबणारे होते. यहुदी माणसाच्या तोंडी ‘नियमशास्त्राचे जू’ हा अभिमानाचा शब्द होता, आणि पौल तर स्वतः परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, होता. तरी तो म्हणतो, की तारण मिळवण्यासाठी म्हणून हे जू घ्याल, तर जुन्या दुर्बळ तत्त्वांच्या ज्या दास्यातून तुम्ही सुटलात त्याच दास्यात परत जाल. जू पवित्र लाकडाचे असले तरी ते जूच असते, हे त्याला स्वतःच्या खांद्यावरून माहीत होते.

आपल्या मंडळ्यांत सुंतेचा प्रश्न येत नाही, म्हणून आपण हे पत्र निर्धास्तपणे वाचतो. पण लेकराला ताप आला आणि तो तीन दिवस उतरला नाही, की विश्वासणाऱ्याच्या घरातही कोणी तरी हळूच म्हणते, की बाहेरचे काही आहे का ते बघा. मग गळ्यात काळा दोरा येतो. किंवा काळा दोरा नको म्हणून क्रूस येतो, पण बांधणाऱ्याच्या मनात त्याचे काम ताइताचेच असते. प्रार्थनेच्या तेलाची बाटली कोणत्या सेवकाकडून आणली यावर तिचा गुण ठरतो, असेही मी ऐकले आहे. दुसऱ्या बाजूला, काही ठिकाणी बाईच्या गळ्यात काळी पोत आहे की नाही यावरून तिचा विश्वास मोजतात, आणि उपवास किती केले याचा हिशेब देवापेक्षा शेजारणीला जास्त माहीत असतो. करणीचे भय काय आणि नियमांचा हा ताळेबंद काय, दोन्हींच्या मुळाशी एकच शंका असते, की ख्रिस्ताने जे केले ते आपल्यापुरते पुरेसे झाले की नाही.

ही शंका आपल्या भागातल्या माणसाला मी सातबाऱ्यावरून समजावतो. आमच्या नात्यातल्या एका काकांचे पीककर्ज थकले होते. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज तीत बसत होते, आणि यादीत काकांचे नाव लागले. केंद्रावर जाऊन अंगठा लावला, आधारचे प्रमाणीकरण झाले, पावती हातात आली. तरीही त्या दिवसानंतर दीड-दोन वर्षे रस्त्यावर वसुलीच्या गाडीसारखी पांढरी गाडी दिसली, की काका तुरीत शिरत. कारण विचारले तर म्हणत, “सातबाऱ्यावर बोजा अजून आहे ना!” आणि खरोखरच इतर हक्काच्या रकान्यात तो बोजा तसाच होता, फेरफार कोणी घेतला नव्हता. कर्ज गेले होते, नोंद राहिली होती, आणि काका नोंदीला भीत होते.

पौल कलस्सैकरांस लिहितो, की आपल्याविरुद्ध असलेला ऋणाचा लेख देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळला. त्याच्या शब्दांकडे नीट पाहा. कर्ज फिटले एवढेच सांगून तो थांबत नाही, लेखच रद्द झाला असे तो म्हणतो. पूर्वीच्या योजनांना आपण सगळेच कर्जमाफी म्हणत आलो. या योजनेच्या नावात मात्र कर्जमुक्ती हा शब्द घातला. सरकारने तो किती विचार करून घातला हे बाजूला राहू द्या, पण शब्द मला आवडला. माफी देणाऱ्याच्या मनात होते. मुक्ती घेणाऱ्याच्या चालण्यात दिसावी लागते. पापांची क्षमा झाली हे आपण प्रत्येक प्रभुभोजनाला म्हणतो, आणि घरी जाताना मनातली पांढरी गाडी दिसली की तुरीत शिरतो.

यावर उपाय म्हणून मनाला धाक घालण्याचा काही उपयोग होत नाही. घाबरलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी आहे’ म्हणून रागावणे म्हणजे त्याच्या खांद्यावर आणखी एक जू ठेवणे झाले. ढवळ्याला वडिलांनी त्या सकाळी काठी दाखवली नाही. त्याच्या मानेवर हात ठेवून ते त्याला धुऱ्यावर घेऊन गेले, आणि तो गवताला तोंड लावेपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले. बराच वेळ लागला. त्याने दोनदा मान वळवून बंडीकडे पाहिले होते.

आता दुसऱ्या बाजूविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी उपदेश भरपूर होतात. आपल्या भाषेत मोकळा आणि मोकाट हे दोन शब्द वेगळे आहेत, ही भाषेची मोठी कृपा आहे. मोकाट जनावर दुसऱ्याच्या कपाशीत शिरते आणि शेवटी कोंडवाड्यात जाते. स्वातंत्र्य देहवासनेला वाव देण्यासाठी वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा, असे पौल त्याच अध्यायात तेराव्या वचनात लिहितो. आणि मूळ ग्रीकमध्ये ‘सेवा करा’ यासाठी त्याने जे क्रियापद घातले आहे त्याचा सरळ अर्थ ‘दास व्हा’ असा होतो. ज्या पत्रात दासपण नको म्हणून तो इतका भांडला, त्याच पत्रात हा शब्द त्याने समजून-उमजून वापरला आहे.

हे सगळे तपासायची जागा प्रार्थनागृहापेक्षा पंगतीत जास्त सापडते. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून पौलाचा सहकारी बर्णबा याच्यासारखा माणूसही सरकला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर विचारले, आणि हा प्रसंग गलतीकरांच्या पत्रात कायमचा लिहून ठेवला. पेत्राला सिद्धांत माहीत नव्हता असे कोणी म्हणू नये. आपल्या पूर्वजांना आणि आपल्याला जे जू वाहवले नाही ते या शिष्यांच्या मानेवर कशाला ठेवता, हे प्रेषितांच्या कृत्यांतले शब्द पेत्राचेच आहेत. त्याचे पाऊल घसरले ते लोक काय म्हणतील या जागी.

आपल्याकडे ती जागा सोयरीक ही आहे. मुलगी पाहायला आलेले ख्रिस्ती पाहुणे बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, चहा घेतात, प्रार्थनाही करतात, आणि मग त्यांच्यातला एक वडीलधारा परसात उभा राहून मुलीच्या मामाला हलकेच विचारतो, “आजोबांचं मूळ आडनाव काय होतं म्हणे?” त्या एका प्रश्नात अख्खे अंत्युखिया आहे. आपल्या जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मंडळीचे काम जुने आहे, आणि तिच्या नावातल्या ‘फ्री’चा अर्थ ‘फुकट’ असा लावून लोक थट्टा करतात. थट्टेत थोडे तथ्य आहे. १८६० साली अमेरिकेत ही मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिथल्या पुष्कळ चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात आणि पैसेवाला पुढे बसे. बाक सर्वांना मोफत असावे आणि गुलामगिरी नसावी, हे या लोकांचे म्हणणे त्या नावात आले. म्हणजे कोण कुठे बसतो हा प्रश्न आत्मिक स्वातंत्र्याचाच आहे, असे त्यांनी धरले होते.

पंगतीचाच दुसरा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. मारुतीच्या देवळात भंडारा होतो, शेजारी वांग्याची भाजी, पोळी आणि बुंदी ताटात घालून घरी आणून देतात. ते घ्यावे की नाही? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठवा आणि दहावा अध्याय याच प्रश्नासाठी खर्ची पडले आहेत. मूर्ती काहीच नाही, तेव्हा अन्नाला भिण्याचे कारण नाही, हे पौल मान्य करतो. पण ज्याचे मन अजून दुबळे आहे असा भाऊ तुझ्या खाण्याने अडखळत असेल, तर तू कधीच खाऊ नकोस, असेही म्हणतो. माझे मत विचाराल, तर घरात नुकताच विश्वासात आलेला माणूस असेल तिथे मी ते खाणार नाही, आणि जो खातो त्याला मंडळीबाहेर काढण्याच्या सभेलाही मी जाणार नाही. माझी आई खात नसे. पण तिने ताट कधी दारातून परत पाठवले नाही, आणि रिकामे तर मुळीच परत केले नाही. कधी पेरू, कधी मूठभर नव्या तुरीची डाळ त्यात घालूनच ते शेजारी जाई. नाताळात शेजारीण आमच्या करंज्या घेऊन जाई आणि तिचाही डबा भरून येई. पौलानेच आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याची सुंता केली आणि तीताची होऊ दिली नाही. त्यात ज्याला विसंगती दिसते त्याने माझ्या आईकडे दोन वर्षे राहायला हवे होते.

जो जू नको म्हणतो तोच प्रभू ‘माझे जू घ्या’ असेही म्हणतो. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात, माझे जू सोयीचे आहे, असे मराठी भाषांतर आहे, आणि ते चांगले आहे. मूळ शब्दात नीट बसणारे, न खुपणारे असा भाव आहे. चांगला सुतार जोडीचा खांदा पाहून जू तासतो. ‘माझ्यापासून शिका’ हे शब्दही तिथेच आहेत. वचनात तसे स्पष्ट म्हटलेले नाही, पण आपल्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ते वाचून गोऱ्हा आठवेल. गोऱ्ह्याला पहिल्यांदा जुंपताना जोडीला जुना बैल देतात. ओढ जुन्याच्या खांद्यावर असते आणि गोऱ्हा चालायला शिकतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. दोनच वर्षांनी, मंडळीच्या अधिकाऱ्यांचे सगळे निमूट मान्य करावे असा आग्रह होऊ लागला, तेव्हा त्यांनी आपल्या तिथल्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना पत्रातून कळवले, की आपल्या देशातल्या पुरोहितांचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, तसलेच दुसरे घ्यायला मी आता तयार नाही. हे लिहिताना त्या सत्तावीस वर्षांच्या, विधवा, परक्या देशात आणि दुसऱ्यांच्या आश्रयाला होत्या. पुढे त्यांनीच साक्ष दिली, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडल्यानंतरचे त्यांचे आयुष्य कामाने वाकलेले दिसते. दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होते त्या मुलखात फिरल्या आणि उपाशी मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या त्या घराचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवले. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खे बायबल उतरवायला घेतले. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते, आणि १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.