न सुटणारा नट

मुंबईहून गोव्याकडे निघाल्यावर परशुराम घाट उतरला की चिपळूणच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, टायरचे एक छोटे दुकान लागते. आत कॉम्प्रेसर आहे, टायर उतरवण्याचे यंत्र आहे, भिंतीवर पाने टांगलेले आहेत आणि फळीच्या कोपऱ्यात गोड्या तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गाड्यांच्या चाकांवरून निघालेले खराब नट आणि मोडलेले स्टड, म्हणजे ज्यांवर नट फिरतात ते आट्यांचे दांडे, त्या डब्यात वर्षानुवर्षे साठत आले आहेत. दुकानाचे मालक ते भंगारात देत नाहीत. नवा मुलगा कामाला आला की ते आधी हा डबा त्याच्यासमोर पालथा करतात आणि प्रत्येक नट कोणत्या चुकीने खराब झाला, हे त्याच्याकडूनच ओळखून घेतात. चाकाचा नट हटून बसला की कोणता पाना उचलायचा, हे त्या नटाकडे नीट पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे आणि हा माहितीपट करताना मलाही ते पटत गेले.

नट मुळात घट्ट राहतो कसा, हे आधी पाहू. नट आवळला की त्यातला स्टड डोळ्यांना न दिसेल इतका लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे पुन्हा आखडू पाहतो. या ओढीने चाक हबवर, म्हणजे ज्या मधल्या भागावर ते बसते त्यावर, दाबून धरले जाते आणि आट्यांमधल्या व नटाच्या बैठकीवरच्या घर्षणामुळे नट आपोआप सुटत नाही. हा ताण किती असावा, हे गाडी बनवणारी कंपनी ठरवून देते. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने, म्हणजे फिरवण्याच्या जोराने, आवळायचे असतात. टायरच्या दुकानात मात्र हवेवर चालणारी गन वापरतात. अर्धा इंची गनचा पिळ ५०० न्यूटन-मीटरच्याही पुढे जाऊ शकतो, आणि घाईत असलेला माणूस घोडा आणखी दोन सेकंद दाबून ठेवतो, तेव्हा पुढच्या पंक्चरची अडचण त्याच क्षणी तयार झालेली असते.

दुसरे कारण गंज. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो आणि गुहागर, दापोलीसारख्या किनारी गावांत वर्षभर खारे वारे वाहतात. लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली बारीक फट भरून जाते आणि नट व स्टड जणू एकजीव होतात. जास्त आवळलेला नट आणि गंजलेला नट बाहेरून सारखेच हट्टी वाटतात, पण त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत.

काही वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका रात्री, कशेडी घाटात माझ्या गाडीचे मागचे चाक बसले. आदल्याच आठवड्यात चारही चाकांची अलाइनमेंट करून घेतली होती आणि नट गनने आवळलेले होते. डिकीतला एल आकाराचा पाना लावून मी त्यावर उभा राहिलो, पाना घसरला, गुडघा फुटला आणि नटाचे कोपरे झिजून तो जवळजवळ गोल झाला. त्याच पान्याने दुसऱ्या नटाचीही मी तीच गत केली. पावसात, वळणावर, शेजारून ट्रक जात असताना तिथे घालवलेले ते दोन तास मी विसरलेलो नाही, आणि त्या रात्री गाडीत फक्त एक लांब दांडा असता तर ते टळले असते.

हिशेब अगदी साधा आहे. पिळ म्हणजे लावलेले बल गुणिले दांड्याची लांबी. गाडीसोबत मिळणारा पाना साधारण २५ सेंटीमीटरचा असतो. त्याच्या टोकावर ४० किलो वजनाइतका दाब दिला, तर सुमारे १०० न्यूटन-मीटर पिळ मिळतो, म्हणजे कंपनीने सांगितल्याप्रमाणे आवळलेला नट त्याने जेमतेम सुटेल. तोच दाब ६० सेंटीमीटरच्या दांड्यावर दिला, तर पिळ २३५च्या आसपास जातो. अंगाची ताकद तेवढीच राहते आणि नटावरचा जोर दुपटीहून अधिक होतो. नटावर बसणाऱ्या नळीसारख्या सुट्या तोंडाला गोटी म्हणतात. म्हणूनच हट्टी नटासाठी पहिले हत्यार म्हणजे गोटी अडकवण्यासाठी अर्ध्या इंचाचे चौकोनी टोक आणि डोक्याशी बिजागरी असलेला लांब दांडा, ज्याला दुकानात ब्रेकर बार म्हणतात. रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारा, दांडा यासाठी वापरू नये, कारण त्याच्या आतले बारीक दाते असा जोर सहन करण्यासाठी बनवलेले नसतात आणि ते ऐन जोरात तुटले तर हात थेट मडगार्डवर आदळतो.

आखूड पान्यावर पाईप चढवून लांबी वाढवण्याची पद्धत सगळीकडे आहे, या दुकानातही आहे. मालक ती नाकारत नाहीत, पण पाईप पान्याच्या दांड्यावर किमान एक वीत आत जायला हवा आणि पान्याचे तोंड नटावर पूर्ण बसलेले हवे, एवढा आग्रह धरतात. माझे मत विचाराल तर एल पाना आणि पाईप ही जोडी नाइलाजाचीच आहे. एल पान्याचा दांडा नटापासून बाहेर आलेला असतो, त्यामुळे जोर देताना तोंड तिरके होते आणि अर्ध्याच पैलूंवर भार येतो. त्या मानाने चौफुली पाना बरा, कारण त्यावर एका हाताने दाबता आणि दुसऱ्या हाताने उचलता येते, आणि तोंड सरळ राहते.

आता डब्यातला पहिला नट पाहा. त्याचे सहाही कोपरे सारखेच झिजलेले आहेत. याच्यावर बारा पैलूंची गोटी वापरली गेली होती. बारा पैलूंची गोटी कोणत्याही कोनात पटकन बसते, पण ती नटाला कोपऱ्यांच्या अगदी जवळ पकडते आणि जोर वाढला की कोपरे सोलून काढते. सहा पैलूंची गोटी नटाच्या सपाट बाजूंवर टेकते, म्हणून चाकाच्या नटासाठी तीच घ्यावी. मापही अचूक हवे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ मिलिमीटरची, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना २१ची गोटी लागते, तर फोक्सवॅगन व स्कोडाच्या गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतात आणि त्यांना १७ची लागते. स्क्रू पाना आणि पाईप पाना या कामासाठी हातातही घेऊ नये.

दुसरा नट चकचकीत आहे, पण त्याची एक बाजू फुगलेली दिसते. काही नटांवर शोभेसाठी पातळ पत्र्याची टोपी चढवलेली असते. आत पाणी शिरून गंज धरला की टोपी फुगते आणि १९ची गोटी बसेनाशी होते, तर २०ची सैल पडते. असा नट हातोडीने गोटी ठोकून बसवून काढायचा आणि पुन्हा वापरायचा नाही. त्याच्या जागी एकसंध नट बसवून घ्यावा.

गोटीच्या धातूबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण यात इजा होऊ शकते. हाताने वापरायच्या चकचकीत गोट्या बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या असतात. त्या कठीण असतात, पण गनचे ठोके सोसण्यासाठी बनवलेल्या नसतात आणि तडकून त्यांचे तुकडे उडू शकतात. गनसाठीच्या, म्हणजे इम्पॅक्टच्या, गोट्या काळ्या, जाड भिंतीच्या आणि क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या असतात, ज्या ठोके पचवतात. काळी गोटी लांब दांड्यावर हातानेही वापरता येते, चकचकीत गोटी मात्र गनवर कधीही चढवू नये. अलॉय चाकात नट खोल खळग्यात असतो, तिथे जाड गोटी शिरत नाही किंवा चाकाला ओरखडे पाडते. त्यासाठी पातळ भिंतीची, बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण असलेली लांब इम्पॅक्ट गोटी मिळते.

नट सोडवताना चाक जमिनीवरच असले पाहिजे. गाडी जॅकवर चढवून दांड्यावर जोर दिला, तर गाडी जॅकवरून सरकण्याचा धोका असतो. हँडब्रेक ओढावा, बाकीच्या चाकांना दगड लावावेत, गोटी शेवटपर्यंत बसवावी आणि दांडा डावीकडे आडवा येईल असा ठेवून वरून खाली दाबावे. झटका देऊ नये, दाब हळूहळू वाढवावा. जास्त आवळलेला नट एवढ्यानेच कर्कश आवाज करून सुटतो.

गंजलेल्या नटाला मात्र आधी तेल द्यावे लागते. बाजारात सर्वांत ओळखीचा असलेला डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे तयार झाला, आणि त्याच्या नावाचा अर्थच पाणी हटवणारे, चाळीसाव्या प्रयत्नात जमलेले मिश्रण असा आहे. घरात तोच असेल तर तो वापरावा, पण आट्यांमध्ये झिरपण्यासाठी खास बनवलेले पेनिट्रेटिंग ऑइल जास्त उपयोगी पडते. नटाच्या बाहेर दिसणाऱ्या आट्यांवर थोडेसे सोडावे, ब्रेकच्या डिस्कवर एक थेंबही जाऊ देऊ नये, हातोडीने नटाच्या माथ्यावर हलके ठोके द्यावेत आणि किमान वीस मिनिटे थांबावे. मग नट आधी आवळण्याच्या दिशेने किंचित हलवून पाहावा, कारण गंजाची पकड एकदा फुटली की तो उलटा फिरू लागतो. अशा नटावर गन खरोखर उपयोगाची आहे, कारण तिचे भराभर पडणारे ठोके गंज फोडतात. लांब दांड्याचा संथ जोर मात्र गंजलेला स्टड पिळून तोडू शकतो. डब्यातले मोडलेले स्टड बहुतेक याच कारणाने आलेले आहेत.

महामार्गावर दुकान असल्याने इथे ट्रकही येतात. त्यांच्या नटांना ३२ किंवा ३३ची गोटी आणि साधारण ६०० न्यूटन-मीटर पिळ लागतो. पूर्वी यासाठी दोन माणसे लांब पाईपवर लटकत असत. आता दुकानात दंडगोल डब्यासारखा एक गिअरचा पाना आहे, ज्याचा टेकू शेजारच्या नटावर अडकवून हँडल फिरवले की आतले गिअर हाताचा जोर अनेक पटींनी वाढवतात आणि कष्टाविना नट सुटतो. जुन्या जड वाहनांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. ते न ओळखता जोर लावणारा माणूस नट आणखी आवळत राहतो, म्हणून आधी स्टडच्या टोकावरची खूण पाहावी.

आणि माझ्यासारख्याने गोल करून ठेवलेला नट? त्यासाठी आतून तिरपे, पिळदार दाते असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी येते. ती हातोडीने नटावर ठोकायची आणि दांड्याने फिरवायची. जितका जोर द्यावा तितके दाते नटात रुततात. कशेडीच्या त्या दोन नटांना दुसऱ्या दिवशी सकाळी याच गोटीने पाच मिनिटांत बाहेर काढले. छिन्नीने नट फोडणे हा अगदी शेवटचा मार्ग, आणि गॅसची ज्योत तर चाकाजवळ आणूच नये. हवा भरलेला टायर बाहेरून शांत दिसत असतानाही आतून तापून स्फोटाने फुटू शकतो, शिवाय उष्णतेने स्टडचे आणि अलॉय चाकाचे बळ कमी होते.

दुकानातला मुलगा आता चाक पुन्हा चढवतो आहे. त्याने स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले आहेत, त्यांना तेल लावलेले नाही, कारण तेलकट आट्यांवर त्याच पिळाने स्टड ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. पहिले काही फेरे तो बोटांनीच देतो, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळतो, गाडी खाली घेतो आणि भिंतीवरचा टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या पिळाला आवाज देणारा पाना, काढून त्यावर ८५चा आकडा लावतो. प्रत्येक नटावर एक टक असा आवाज येतो आणि हात थांबतो. सावर्ड्याला पोहोचल्यावर किंवा फार तर शंभर किलोमीटरच्या आत हे चारही नट एकदा तपासून घ्या, असे तो गाडीवाल्याला सांगतो आणि मघाशी याच चाकावरून निघालेला एक फुगलेला नट डब्यात टाकतो.