नईदुनिया: इंदूरचा हिंदी पेपर, मराठी उंबरठा

५ जून १९४७. इंदुरात अजून होळकरांचं राज्य. त्या दिवशी 'नईदुनिया' हे हिंदी दैनिक निघालं. रामबागेतल्या मराठी घरांत बोलणं मराठीत, देवपूजा मराठीत, पण सकाळच्या चहाबरोबर पेपर मात्र हिंदी. इंदूरकराला यात वावगं काहीच वाटत नाही.

त्यात संपादकही आपल्यातलेच. राहुल बारपुते. सगळे त्यांना 'बाबा' म्हणत. देवासचे कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी ही त्यांची मित्रमंडळी; तेव्हा गाणं, चित्रं, नाटक हे विषय पेपरात पाहुण्यासारखे येत नसत, घरच्यासारखे वावरत. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी इथेच घडले. पुढे माथुर 'नवभारत टाइम्स'मध्ये गेले, जोशींनी १९८३ मध्ये 'जनसत्ता' उभा केला. दिल्लीला संपादक आम्ही पुरवले, असं इंदूरकर जरा फुशारकीनेच सांगतात. सांगू द्या, खोटं थोडंच आहे!

१९७५. आणीबाणी लागली, सेन्सॉर बसला. 'नईदुनिया'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. जे छापता येत नव्हतं, ते वाचकांना बरोबर कळलं.

मग १९९९. पेपरचे मालक असलेल्या छजलानी घराण्यातल्या विनय छजलानींनी 'वेबदुनिया' सुरू केलं. हिंदीतलं पहिलं पोर्टल म्हणून ते ओळखलं जातं. खरी झटापट बातम्यांशी नव्हती, देवनागरीशी होती. तेव्हा प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. एका फॉन्टमधला 'क' दुसऱ्यात भलतंच काही दाखवायचा. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, तोही टेलिफोनच्या तारेवरून रखडत चालणाऱ्या इंटरनेटवर. नाही घेतला, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोड रुळलं, प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला, तेव्हा कुठे हा ताप संपला.

आणि मग एक गंमत झाली. मराठी संपादक असूनही छापील अंक हिंदीच राहिला होता, ते साहजिकच होतं. वेबदुनियाने मात्र गुजराती, तमिळ, तेलुगूबरोबर मराठी विभागही काढला. मराठी मजकूर, निघतो इंदुरातून!

२०१२ मध्ये 'नईदुनिया' जागरण समूहाने विकत घेतला. पेपर आजही छापला जातो, शिवाय त्याची स्वतःची वेबसाइट आहे. वेबदुनिया त्या सौद्यात गेलं नाही; एका घरातली दोन भावंडं आता वेगळ्या चुलींवर आहेत.