‘श्रूड’ टीचर का म्हणू नये? तल्लख नजरेचे इंग्रजी शब्द

नमस्कार मंडळी.

माझी भाची आठवीत आहे. शिक्षक दिनाला तिनं तिच्या मॅडमसाठी स्वतःच्या हातानं ग्रीटिंग कार्ड केलं आणि आत इंग्रजीत लिहिलं, ‘यू आर अ श्रूड टीचर’. मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही, असं तिला म्हणायचं होतं. डिक्शनरीत तिला ‘चाणाक्ष’ हा अर्थ मिळाला होता, आणि तो तिथे आहेही. तरी शब्द चुकला. का चुकला ते सांगायला मी तिच्याजवळ बसले आणि तास कसा गेला कळलं नाही. आजचा व्हिडिओ म्हणजे तोच तास.

पर्स्पिकेशस, अस्ट्यूट, श्रूड, डिसर्निंग, सगेशस. स्पेलिंग स्क्रीनवर देतेय. स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही यादीत या सगळ्यांपुढे एकच अर्थ असतो: तीक्ष्ण बुद्धीचा. मीही ते तसेच पाठ केले होते, आणि परीक्षा संपली तसे विसरलेही. खऱ्या अर्थानं ते माझे झाले ते पुढे, त्यांच्या पोटात शिरल्यावर. तिथे बुद्धीबिद्धी काही नाही, साधी रोजची कामं आहेत. कुणी आरपार बघतंय, कुणी टोक काढतंय, कुणी चाळतंय, कुणी हुंगतंय.

श्रूडपासूनच सुरू करू. इंग्रजीत ‘श्रू’ म्हणजे चिचुंद्री. मध्ययुगात युरोपातल्या लोकांना वाटायचं की तिचा चावा विषारी असतो. त्यावरून दुष्ट माणसाला श्रू म्हणू लागले, आणि ‘श्रूड’ म्हणजे दुष्ट, खोडसाळ. पुढे शतकं गेली, दुष्टपणा झिजला, हुशारी उरली. पण जुना वास पुरता गेलेला नाही. श्रूड माणूस व्यवहारात फसत नाही, समोरच्याचा डाव ओळखतो, आपला फायदा बरोबर साधतो. मराठीत आपण ‘धोरणी’ म्हणतो, थोडं पुढे जाऊन ‘बेरकी’ म्हणतो, त्या दोहोंच्या मधे कुठेतरी हा शब्द बसतो. व्यापाऱ्याला म्हणा, राजकारण्याला म्हणा, कौतुकच होईल. मुलांवर जीव लावणाऱ्या शिक्षिकेला मात्र तो शोभत नाही.

अस्ट्यूट त्याचाच सभ्य भाऊ. लॅटिनमध्ये ‘अस्टुस’ म्हणजे कावा. इंग्रजीत मात्र आज त्यात कावेबाजपणा जवळजवळ राहिलेला नाही. परिस्थिती झटकन ओळखून योग्य पाऊल उचलणारा तो अस्ट्यूट.

आता अक्यूमेन. लॅटिन ‘अकुस’ म्हणजे सुई. ॲक्युपंक्चरमधला ‘ॲक्यु’ तोच. ‘अक्यूमेन’ म्हणजे टोक, अणी. इथे मला आपला ‘कुशाग्र’ आठवतो. कुश म्हणजे दर्भ, अग्र म्हणजे टोक. दर्भाच्या टोकासारखी बुद्धी ती कुशाग्र बुद्धी. रोममधल्या माणसानं सुई घेतली, आपल्याकडच्यानं गवताचं पातं घेतलं, आणि दोघांनी दाखवलं तेच. वापरताना इतकं सांभाळा की अक्यूमेन हे नाम आहे आणि त्याच्या आधी बहुतेक वेळा क्षेत्र येतं: बिझनेस अक्यूमेन, पोलिटिकल अक्यूमेन. ‘ही इज अक्यूमेन’ असं होत नाही. ‘ही हॅज बिझनेस अक्यूमेन’.

पुढचा शब्द माझा सगळ्यात लाडका. डिसर्न. लॅटिन ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणं, निवडणं. ‘डिस’ म्हणजे वेगवेगळं. सुपात धान्य घेऊन आजी पाखडायची, फोलपट उडायचं, दाणे मागे राहायचे. डिसर्निंग माणूस मनातल्या मनात हेच करतो. आणि आता आपल्या ‘विवेक’ शब्दाकडे बघा. त्यातला संस्कृत धातू ‘विच्’, अर्थ वेगळं करणं. म्हणजे विवेकाच्या मुळाशीही निवडणंच आहे! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, 71 व्या सूक्तात म्हटलंय, ‘सक्तुमिव तितउना पुनन्तो यत्र धीरा मनसा वाचमक्रत’. तितउ म्हणजे चाळणी. चाळणीनं सातूचं पीठ चाळावं तशी शहाण्या लोकांनी मनानं चाळून वाणी घडवली. शब्दांवर काम करणाऱ्या माणसासाठी याहून सुंदर ओळ मला ठाऊक नाही.

म्हणून जिथे बऱ्यातून वाईट, अस्सलातून नक्कल वेगळी काढायची आहे, तिथे डिसर्निंग. डिसर्निंग कस्टमर म्हणजे चोखंदळ गिऱ्हाईक. आणि घाटात दाट धुकं असताना लांबचा दिवा कसाबसा ओळखू येतो, तेही डिसर्नच. धुक्यातून दिवा वेगळा काढला ना आपण!

सगेशस. उच्चार नीट ऐका, स-गे-शस. बऱ्याच जणांना वाटतं की हा ‘सेज’ म्हणजे ऋषी, त्याच्यापासून आला असेल. नाही. सेजचं मूळ लॅटिन ‘सापेरे’, म्हणजे चव घेणं. होमो सेपियन्समधलं सेपियन्सही तिथलंच. सगेशसचं मूळ ‘सागाक्स’, आणि हा शब्द रोमन लोक वास काढत माग घेणाऱ्या शिकारी कुत्र्यालाही लावायचे. आपणही म्हणतोच की, ‘मला तेव्हाच वास आला होता’. जुन्या इंग्रजी लिखाणात कुत्र्याला, हत्तीला सगेशस म्हटलेलं सापडतं. आज तो अनुभवानं मुरलेल्या, दूरचं ओळखणाऱ्या माणसासाठी येतो.

याच शब्दानं एक दुसरा शब्द जन्माला घातला. 28 जानेवारी 1754. होरेस वॉलपोल नावाचा इंग्रज लेखक मित्राला पत्र लिहीत होता. सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांची गोष्ट त्यानं वाचली होती. सेरेंदिप म्हणजे श्रीलंकेचं जुनं नाव. पत्रात तो सांगतो, एका राजपुत्रानं वाटेवर ओळखलं की इथून उजव्या डोळ्यानं आंधळं खेचर गेलंय. कशावरून? डावीकडचं गवत निकृष्ट होतं, तरी तेवढंच खाल्लेलं होतं. हरवलेल्या उंटाची अशीच गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. योगायोग आणि ‘सगॅसिटी’, म्हणजे सगेशस माणसाचा गुण, यांच्या जोरावर न शोधलेलं हाती लागणं, या अनुभवाला वॉलपोलनं नाव दिलं, सेरेंडिपिटी. आज आपण त्यातला योगायोग तेवढा धरतो आणि सगॅसिटी विसरतो, याचं मला वाईट वाटतं. गवत सगळ्यांच्याच वाटेवर होतं.

पर्स्पिकेशस. ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘स्पेकेरे’ म्हणजे बघणं. संस्कृतातलं ‘पश्यति’ आणि हेराला म्हणतात तो ‘स्पश’, हे या ‘स्पेकेरे’चे सख्खे नातेवाईक. चष्म्याचा स्पेक्टॅकल्स त्याच घरातला. शब्द पुस्तकी आहे, लेखात छान दिसतो, गप्पांत अवघडतो. आणि पर्स्पिक्युअस याच्याशी घोळ घालू नका. आरपार बघणारा माणूस पर्स्पिकेशस, आरपार दिसेल इतकं स्वच्छ लिखाण पर्स्पिक्युअस.

राहिला इन्साइट, म्हणजे एकदम उमगणं. हा गुण कमी आणि घटना जास्त, तो एका क्षणात लाभतो. वोल्फगांग कोहलर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ 1913 मध्ये टेनेरिफ बेटावर गेला आणि तिथे त्यानं चिंपांझींचा अभ्यास केला. त्यातला एक सुलतान. पिंजऱ्याबाहेर केळं, हातात दोन काठ्या, दोन्ही आखूड. बराच वेळ धडपडून त्यानं नाद सोडला. मग काठ्यांशी खेळता खेळता दोन्ही एका रेषेत आल्या. त्यानं बारीक काठी जाड काठीच्या पोकळ टोकात खुपसली, उठला, गजांकडे धावला आणि केळं ओढून घेतलं. कोहलरचा शब्द ‘आइनझिख्ट’, इंग्रजीत इन्साइट. याच्यापुढे ‘इन्टू’ येतं: ॲन इन्साइट इन्टू द प्रॉब्लेम.

मग भाचीच्या मॅडमना काय म्हणायचं? मी तिला विचारलं, त्यांनी नेमकं केलं काय? ती म्हणाली, ‘मावशी, मी फळ्यावरचं न लिहिता शेजारणीच्या वहीतून उतरवायचे. सगळे म्हणायचे, कॉपी करते. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी आईला बोलावून सांगितलं, हिचे डोळे तपासा.’ नंबर निघाला.

याला शब्द आहे परसेप्टिव्ह. लॅटिन ‘कापेरे’ म्हणजे पकडणं, जसं आपल्या ‘ग्रहण’ शब्दात पकडणं आहे. समोरच्यानं न सांगितलेलं जो टिपतो, तो परसेप्टिव्ह.

तिनं कार्ड पुन्हा केलं. ‘यू आर सो परसेप्टिव्ह, मॅडम.’ आणि खाली स्वतःच्या चष्म्याचं चित्र काढलं.