"किती छान बारीक झालीस!"

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय 'दीर्घ आजार आणि शरीराची प्रतिमा' असा छापलाय. जरा जडच आहे. आजाराने किंवा त्याच्या औषधाने माणूस वेगळा दिसायला लागला की काय काय होतं, त्याबद्दल मी बोलणार आहे. उदाहरण ल्युपसचं घेते, कारण ते मला घरबसल्या मिळालंय.

ल्युपसमध्ये आपली प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटते. दहा रुग्णांतल्या साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या. सांधे धरतात, केस गळतात, उन्हात गेलं की नाकागालांवर लाल चट्टा उमटतो, कुणाच्या किडनीपर्यंत दुखणं पोचतं. बारीक ताप, अन्नावर वासना नाही, वजन उतरत चाललेलं. आणि नेमक्या याच काळात राम मारुती रोडवर भेटणारी प्रत्येक ओळखीची बाई थांबवून विचारते, "अगं, किती छान बारीक झालीस! काय डाएट करतेस?"

मग निदान होतं आणि प्रेडनिसोलोन सुरू होतं, म्हणजे स्टेरॉइड. ताप जातो, सांधे मोकळे होतात, लघवीतून जाणारं प्रोटीन हळूहळू आटोक्यात येतं. आणि चेहरा गोल होतो. गाल इतके भरतात की हसताना डोळे दिसेनासे होतात. मानेमागे उंचवटा, पोट पुढे, हातपाय मात्र काडीसारखे. ओठांवर लव, कपाळावर पुटकुळ्या, मांड्यांवर जांभळट रेघा. आता त्याच बायका हळहळतात, "काय गं ही अवस्था! बंद कर बाई त्या गोळ्या." आतून पोखरलं जात होतं तेव्हा कौतुक, सावरायला लागलं तेव्हा सांत्वन! पुरुषांनाही हे सगळं होतं बरं का. त्यांना फक्त "सुखावलास हं" म्हणतात, आणि ते गप्प बसतात.

या जातीची औषधं काही आजची नाहीत. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेन्च यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, तेही स्टेरॉइडच. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. 1950 मध्ये हेन्च यांच्यासह तिघांना नोबेल मिळालं. गोल चेहऱ्याची ओळख तर डॉक्टरांना त्याच्याही आधीपासूनची. शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकासारखं द्रव्य जास्त झालं की चरबी हातापायांऐवजी चेहरा, मान आणि पोटावर साठते. त्यात मीठ-पाणी अंगात धरून राहतं, आणि भूक अशी लागते की मध्यरात्री डबे उघडले जातात. लोणचं-पापड कमी केल्याने सूज थोडी आवरते, पण नुसतं जेवण तोडून हा चेहरा उतरत नाही. ज्यांना "जरा तोंडावर ताबा ठेव" म्हणायची सवय आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

थोडं माझं सांगते. ठाण्याहून वाशी लोकलने जात होते. एका मुलीने पटकन उठून जागा दिली. "बसा ताई. कितवा महिना?" मी बसले. गुडघे ठणकत होते, आणि भर गर्दीत खुलासा कोण देत बसणार? शेजारच्या काकूंनी ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत मला डिंकाच्या लाडवांची कृती सांगितली. कृती चांगली होती.

त्या दिवसांत मला सगळ्यात बरं वाटायचं ते आमच्या ब्लाऊज शिवणाऱ्या काकांकडे. मी म्हटलं, माप सारखं बदलतंय. त्यांनी कशाने, का, काही विचारलं नाही. टेप लावली, वहीतला जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि म्हणाले, "दोन्हीकडे माया जास्त ठेवतो. वाढलं तर उसवू, उतरलं तर टीप घालू." माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दिसण्याचं एवढं काय घेऊन बसायचं, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. पाहुणे बघायला येणार म्हणून महिनाभर आधी गोळ्या बंद केलेल्या मुली असतात. कुणाच्या तरी साखरपुड्यात कुणी काही बोललं, घरी येऊन गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलं की किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतः कॉर्टिसॉल बनवायचं थांबवतात. गोळी एकदम तोडली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, वेळप्रसंगी जिवावर बेततं. शिवाय दबलेला आजार उसळतो तो वेगळाच. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, तोही डॉक्टरच.

तेव्हा डॉक्टरांसमोर लाजू नका. "चेहऱ्यामुळे मला ही गोळी नकोशी झालीये," हे वाक्य तसंच्या तसं बोला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मायकोफेनोलेट, ॲझाथायोप्रिन अशा औषधांच्या आधाराने स्टेरॉइड कमी करता येतं का, हे ते बघू शकतात. डोस उतरला की काही महिन्यांत चेहराही उतरत जातो. मांड्यांवरच्या रेघा फिकट होतात, पूर्ण जात नाहीत. ते आधीच कळलेलं बरं.

आणि नातेवाईकांनो, वजनाखेरीज बोलायला जगात पुष्कळ विषय आहेत. पावसाळ्यात घोडबंदर रोडचे खड्डे आहेतच.

आता प्रश्न विचारा. माझ्या चेहऱ्याबद्दलही चालतील. आपापल्या डोसबद्दल मात्र नको, ते डॉक्टरांनाच विचारा.