टाइल्स की पॅनल? आधी भिंत बघा

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा सरला की मुंबईत घरोघरी हातोड्याचे आवाज सुरू होतात. कुणाच्या तरी बाथरूमचं काम निघालेलं असतं. आणि हल्ली हमखास विचारलं जातं: जुन्या टाइल्स फोडून नव्या लावायच्या, की वरूनच पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची, पॅनल बसवायची?

पॅनलचा मोह मला समजतो. गिरगावातल्या किंवा दादरच्या जुन्या इमारतीत, लिफ्ट नसताना, डेब्रिजच्या गोण्या जिन्याने उतरवायच्या कोणी? घरात न्हाणीघर एकच, तर तोवर म्हाताऱ्या माणसांनी आंघोळीला जायचं कुठे? पॅनल एक-दोन दिवसांत लागतात. फोडाफोड नाही, आणि जुन्या भिंतीवर नव्या टाइल्सचं ओझंही नाही.

तरीही स्पष्ट सांगते, भिंतीत ओल असेल तर पॅनल लावू नका. पॅनलने ओल जात नाही, ती झाकली जाते. आतला जुना लोखंडी पाइप गंजून पाझरत असेल तर पाणी मुरतच राहतं, आणि तुम्हाला कळतं ते खालच्यांच्या छताचे पोपडे पडल्यावर. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, बाथरूममधून होणाऱ्या अशा गळतीचा खर्च सभासदाचाच असतो.

ओल घरच्या घरी तपासता येते. बाथरूमच्या भिंतीची पलीकडची बाजू बघा, बेडरूमकडची किंवा पॅसेजमधली. तिथे वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दिवसभर तसाच राहू द्या. भिंतीला टेकलेल्या बाजूने थेंब धरले, तर ओल भिंतीत आहे. फक्त बाहेरच्या, आपल्याकडच्या बाजूने धरले, तर तो हवेतला दमटपणा. मग आत जाऊन जुन्या टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ती टाइल सुटलेली आहे, आणि तिच्यावर पॅनलही टिकणार नाही.

आणखी एक गोष्ट. खाली गळणारं पाणी पुष्कळदा भिंतीतून जातच नाही. ते जातं जमिनीतून, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवतालच्या सांध्यातून. भिंतीला कितीही सुंदर पॅनल लावा, त्या सांध्याला काय फरक पडणार? तिथे लादी उचलून वॉटरप्रूफिंग नव्याने करावंच लागतं. ते झालं की लादी बसवण्याआधी ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरा, पातळीची खूण भिंतीवर करा आणि 48 तास थांबा. मिस्त्री घाई करेल, करू दे. खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचं छत स्वतः बघून या. टाइल्सच्या सांध्यांत, निदान शॉवरच्या बाजूला, एपॉक्सी ग्राउट भरून घ्या. महाग पडतं, पण साध्या सिमेंटच्या ग्राउटसारखं पाणी पीत नाही.

भिंत कोरडी ठणठणीत असेल, तर पॅनल खुशाल लावा. फक्त खालची कड आणि नळांभोवतीच्या फटी सिलिकॉनने बंद करून घ्या. घरात वयस्कर माणसं असतील तर आधाराचा दांडा कुठे हवा हे कारागिराला आधीच दाखवा. पॅनल आतून पोकळ असतं, ते माणसाचा भार पेलत नाही. दांड्याचा स्क्रू पॅनलमधून आरपार मागच्या पक्क्या भिंतीत गेला पाहिजे, आणि आपल्या खाऱ्या हवेत तो स्टेनलेस स्टीलचाच हवा.

नमस्कार.