व्हिस्कीवरचा टॅक्स आणि घोड्यावर बसलेले वॉशिंग्टन

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. डावीकडे पिट्सबर्ग, उजवीकडे फिलाडेल्फिया, आणि मधे आडवी पडलेली अ‍ॅलेगेनी डोंगररांग. 1790 च्या सुमारास पिट्सबर्गकडून धान्याची पोती घोड्यांवर लादून पलीकडे न्यायची म्हणजे मालापेक्षा भाडंच जड, म्हणून तिथले शेतकरी राय नावाचं धान्य पिकवायचे आणि घरच्या भट्टीत त्याची व्हिस्की गाळायचे, पिंप नेणं परवडायचं. रोख पैसा तर कुणाकडे फारसा नसायचाच, मजुरी काय नि दुकानाची उधारी काय, व्हिस्कीतच भागायची.

मार्च 1791 मध्ये याच व्हिस्कीवर टॅक्स बसला. तोही रोखीत!

यामागे डोकं अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनचं. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर होतं, केंद्राचं साधारण 5.4 कोटी डॉलर, आणि राज्यांचं 2.5 कोटीही केंद्रानेच घ्यावं असा त्याचा हट्ट. व्हर्जिनियावाले भडकले, आम्ही आमचं बरंचसं फेडलंय, मग दुसऱ्यांचं का भरायचं? शेवटी जून 1790 मध्ये न्यूयॉर्कला परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या घरी जेवण झालं, व्हर्जिनियाचा खासदार मॅडिसन विरोध सैल करायला तयार झाला, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीवर. सरळ सरळ सेटिंग म्हणा ना.

कर्ज घेतलं म्हणजे व्याज आलं, आणि व्याजाला पैसा हवा. टॅक्सची रचना अशी की मोठ्या कारखानदाराला गॅलनमागे कमी पडायचं आणि छोट्याला जास्त, कारण त्याच्या भट्टीच्या आकारावर आकारणी, मग ती वर्षभर चालो न चालो. हे मला तरी योगायोग वाटत नाही. शिवाय टॅक्स चुकवल्याची केस चालणार कुठे, तर डोंगरापलीकडे फिलाडेल्फियात! जून 1794 मध्ये हा नियम सैल झाला खरा, पण जुलैत जी समन्स वाटली गेली ती जुन्याच नियमाची.

मग भडका उडाला. टॅक्स अधिकारी जनरल जॉन नेव्हिलचं बोअर हिल इथलं घर जाळलं, जमावाचा पुढारी मॅकफार्लेन गोळी लागून मेला, आणि 1 ऑगस्टला पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉक्स फील्डवर सुमारे 7,000 लोक जमले.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टननी आधी बोलणी करायला माणसं पाठवली, पण सोबत चार राज्यांची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौजही बोलावली, जवळपास 13,000 माणसं, आणि पेनसिल्व्हेनियातल्याच बेडफर्डपर्यंत स्वतः गेले, हॅमिल्टन त्यांच्यासोबत होताच. पुढे लढाई झालीच नाही, समोर कुणी उभंच राहिलं नाही. वीसेक जणांना पकडून फिलाडेल्फियाला चालवत नेलं, दोघांवर देशद्रोह सिद्ध झाला, आणि त्या दोघांनाही वॉशिंग्टननी माफ केलं. (गंमत म्हणजे रिटायर झाल्यावर याच वॉशिंग्टननी आपल्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर व्हिस्कीचा कारखाना काढला, 1799 मध्ये तिथे जवळपास 11,000 गॅलन निघाली.)

1802 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने हा टॅक्स काढून टाकला, पश्चिमेकडची मतं त्याच्याच पक्षाची होती. पण हॅमिल्टनने कमावलेली पत मात्र त्याने जपली, कारण पुढच्याच वर्षी फ्रान्सकडून लुइझियाना घ्यायचं ठरलं, सौदा दीड कोटी डॉलरचा, तेवढी रोकड खजिन्यात कुठली. मग 1 कोटी साडेबारा लाखांचे सरकारी बाँड काढले, 6 टक्के व्याजाने, आणि युरोपातल्या बँकांनी ते घेतलेही.